विहिरीच्या पिवळ्या मातीतलं हाड

शिरपूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: भावाच्या शेतात, अनेर नदीपासून फार लांब नाही अशा जागी, नवीन विहीर खोदताना ४५ फुटांच्या आसपास पिवळ्या मातीतून दोन जड तुकडे वर आले. रूप हाडाचं, वजन दगडाचं. शाळेत नेल्यावर मुलांनी ते डायनासोरचं हाड म्हणून जाहीर करून टाकलं. गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं म्हणणं मात्र असं की खान्देश सगळा लाव्ह्याच्या खडकाचा, इथे जीवाश्म निघणारच नाहीत. तर हाडाचा दगड होतो कसा, आपल्या भागात तो होऊ शकतो का, आणि असल्या तुकड्यावरून जुन्या काळाबद्दल नेमकं काय कळतं?

ताई, आधी तुमच्या तुकड्यांबद्दल. मोठा तुकडा हाड आहे असं फोटोवरून मला वाटतं. तुटलेल्या कडेला बाहेरचा भाग घट्ट आणि आत बारीक जाळी दिसते. ही जाळी मज्जेच्या पोकळ्यांची असते. लहान तुकडा मात्र हाड नाही. तो चुनखडीचा गोळा आहे, विहिरी खोदणारे ज्याला कंकर म्हणतात तो. दोन्ही एकाच थरातून निघाले हे चांगलं झालं, कारण त्या कंकराचा हाड टिकण्याशी जवळचा संबंध आहे.

डायनासोरबद्दल मुलांना सांगा की ते शक्य नाही, आणि का शक्य नाही तेही सांगा, कारण उत्तर हाडात नसून मातीत आहे. डायनासोर (पक्षी सोडून) संपले ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तुमच्या विहिरीतली पिवळी माती म्हणजे तापी, अनेर, अरुणावती यांनी पुरात आणून टाकलेला गाळ. तिचं वय काही हजार ते काही लाख वर्षं. एवढ्या तरुण मातीत, तिच्याच काळात पुरलं गेलेलं हाड त्याच काळातल्या प्राण्याचं असणार: हत्ती, रानबैल, घोडा, हरीण, सांबर, कदाचित पाणघोडासुद्धा. जीवाश्माचं वय विचारताना मी नेहमी आधी थराकडे पाहतो.

तुमच्या गावातले वडीलधारे अर्धे बरोबर आहेत. खान्देशाचा पाया दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, आणि साधारण अकराशे अंश सेल्सिअस तापलेल्या लाव्ह्यात हाड काय, राखही ओळखू येत नाही. पण त्या पायावर तापीचं खोरं खचत गेलं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मोठे भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून वरखाली सरकले अशा भेगा, आहेत, त्यांच्या बाजूने दरीचा तळ खाली बसला, आणि बसेल तसा नदीने तो गाळाने भरला. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर हा पट्टा त्या भरावावर उभा आहे. काही ठिकाणी या गाळाची जाडी शंभर मीटरहून जास्त भरते. रावेरची केळी ज्या जमिनीत वाढतात, तीच जमीन जीवाश्मांचं कोठार आहे. शिरपूरला गेल्या वीसेक वर्षांत नाले खोल-रुंद करण्याची कामं झाली, त्यात पिवळ्या मातीचा पाणी न झिरपू देणारा थर फोडून खालच्या वाळूपर्यंत पोचायचं असा विचार होता. पाण्याच्या दृष्टीने ते काम सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दृष्टीने त्याने आणखी एक गोष्ट केली: नाल्यांच्या उभ्या कापलेल्या भिंतींत गाळाचे थर ताजे उघडे पडले. उन्हाळ्यात मुलांना अशा एखाद्या नाल्यावर न्या. पिवळा बारीक गाळ, त्याखाली वाळू, वाळूत गोट्यांचा पट्टा, मध्येच कंकराची पांढरी रेघ, हे सगळं मोकळ्या डोळ्यांना दिसतं.

आता हाडाचा दगड होण्याबद्दल. पहिली गोष्ट अशी की बहुतेक वेळा तसं होत नाही. जंगलात मेलेलं जनावर तरस, कोल्हे, गिधाडं फाडून नेतात. उरलेली हाडं उन्हात तडकतात, पावसात भिजतात, उंदीर-साळिंदर कुरतडतात, आणि काही वर्षांत भुगा होतो. हाड टिकायचं तर ते लवकर झाकलं जायला हवं, आणि लवकर झाकण्याचं काम आपल्याकडे पावसाळी पूर करतात. पण पूर कुठला, हेही महत्त्वाचं. मुख्य धारेत सापडलेलं हाड गोट्यांवर आपटून गोल होतं, त्याच्या कडा झिजतात. पात्राबाहेर पसरलेल्या संथ पाण्यात, किंवा नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणातल्या डोहात पडलं, तर त्यावर बारीक गाळ बसतो आणि कडा शाबूत राहतात. तुमच्या तुकड्याच्या तुटलेल्या कडा धारदार दिसतात. त्यावरून दोन शक्यता: एक तर ते हाड फार लांबून वाहत आलेलं नाही, किंवा खोदणाऱ्याच्या टिकावाने ते आत्ता तुटलं. ताजी तूट असेल तर तिचा रंग बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा फिकट असतो. हे घरीच पाहून घ्या, कारण ताजी तूट असेल तर हाडाचा उरलेला भाग अजून विहिरीच्या भिंतीत असू शकतो.

झाकलं गेल्यावर खरं काम सुरू होतं. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचा. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. प्रथिनामुळे हाडाला लवचीकपणा येतो, खनिजामुळे ताठपणा. जमिनीत गेल्यावर जिवाणू प्रथिन खाऊन टाकतात आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या उरतात. मग भूजल आत शिरतं. तुमच्या भागात बोअरचं पाणी उकळलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो ना, तोच चुना त्या पोकळ्यांत हळूहळू बसतो. त्याच्याबरोबर लोह आणि मँगनीजही येतं, म्हणून जुनी हाडं तांबूस, करडी किंवा काळपट दिसतात. हाडाचं मूळ खनिजही जागच्या जागी बदलतं: त्याचे स्फटिक मोठे होतात, पाण्यातलं फ्लोरीन ते शोषून घेतं. एकाच थरात, एकाच पाण्यात पडलेल्या हाडांत फ्लोरीन साधारण सारखं भरतं. एखाद्या ठिकाणच्या दोन हाडांत फार फरक निघाला तर त्यातलं एक नंतर येऊन पडलं असा संशय घ्यायचा. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनच्या बनावट ‘आदिमानवा’चं बिंग १९५३ मध्ये फुटलं, त्यात फ्लोरीनच्या चाचणीचा मोठा वाटा होता.

म्हणजे वजन वाढलं ते पोकळ्या भरल्याने. आकार तोच राहतो, आतली जाळीही तीच राहते, पण पदार्थाचा बराच भाग नवा असतो. ‘हाडाचा दगड झाला’ हे म्हणणं म्हणून पुरतं खरं नाही. हाडाच्या खनिजाचा काही भाग अजून मूळचाच असतो, आणि त्यामुळेच त्यातून रासायनिक माहिती काढता येते.

इथे खान्देशच्या मातीचं मोल कळतं. बेसॉल्ट कुजतो तेव्हा त्यातून भरपूर कॅल्शियम सुटतं. पाऊस बेताचा असल्याने ते सगळं वाहून जात नाही, गाळातच कंकर होऊन बसतं. माती चुनखडीची आणि क्षारधर्मी राहते. अशा मातीत हाड विरघळत नाही. कोकणात उलट: मुसळधार पावसाने चुना धुवून नेलेला, जांभ्याची आम्ल माती, आणि हाड त्यात फार काळ तग धरत नाही. कोकणात जनावरं कमी होती असा त्याचा अर्थ नाही. जीवाश्मांचा नकाशा हा बराचसा टिकून राहण्याचा नकाशा असतो, राहण्याचा नव्हे, आणि या विषयातल्या निम्म्या चुका हे विसरल्याने होतात असं माझं मत आहे.

दातांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गाळात शोधायचं असेल तर दात शोधावा. दातावरचं एनॅमल जवळजवळ सगळंच खनिज असतं, सुमारे ९६ टक्के. जिवाणूंना त्यात खायला काही नाही, पाण्याला शिरायला जागा नाही. म्हणून शेवटी उरतात ते दात. आणि दात बोलतो फार. हत्तीची दाढ म्हणजे एकामागोमाग रचलेल्या उभ्या पट्ट्या, तिचा एक तुकडा मिळाला तरी हत्ती पक्का, आणि पट्ट्यांच्या जाडीवरून कुठला हत्ती तेही बरंच ठरतं. पाणघोड्याची दाढ झिजली की वर तीन पाकळ्यांच्या पानासारखी नक्षी उमटते. बैलाच्या दाढेवर चंद्रकोरी असतात. घोड्याची दाढ उंच, कारण गवतात वाळूइतके कठीण सिलिकाचे कण असतात आणि आयुष्यभर गवत चघळायचं तर दात झिजायला पुरेसा उंच हवा. म्हणजे दाताच्या उंचीवरूनच आहार कळतो.

पुढे प्रयोगशाळेत याहून बारीक गोष्टी निघतात. ज्वारी, बाजरी, मका आणि आपल्या माळावरची बहुतेक गवतं हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात. कपाशी, गहू, झाडं-झुडपं दुसऱ्या पद्धतीने. दोन्हींत कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण वेगळं असतं, आणि ते खाणाऱ्याच्या एनॅमलमध्ये उतरतं. आजच्या दोन गाई घ्या, एक ज्वारीच्या कडब्यावर आणि दुसरी झुडपांच्या पाल्यावर वाढलेली. दातांच्या चाचणीत त्या वेगळ्या ओळखू येतील. एक लाख वर्षांपूर्वीच्या रानबैलालाही हाच नियम. तो उघड्या गवताळ रानात चरत होता की झाडीत, हे त्याची दाढ सांगते, आणि त्यावरून त्या काळच्या खोऱ्याचं चित्र उभं राहतं.

आपल्या शेजारच्या नद्यांत काय सापडलं आहे ते पाहिलं की तापीकडून काय अपेक्षा करायची याचा अंदाज येतो. सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या गाळातून जुन्या हत्तीचे (पॅलिओलॉक्सोडॉन नॅमॅडिकस), रानबैलाचे, घोड्याचे आणि पाणघोड्याचे जीवाश्म गेल्या दोनशे वर्षांत निघत आले आहेत. हा हत्ती आजच्या हत्तीपेक्षा बराच मोठा होता. दक्षिणेला गोदावरीकाठी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला त्याच हत्तीचा जीवाश्म मिळाला, त्याची नोंद १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे आज लोक पक्षी पाहायला जातात. आणि ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या हथनोरा इथे, नर्मदेच्या गोट्यांच्या थरात, मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतातला हा सर्वांत महत्त्वाचा प्राचीन मानवी जीवाश्म. ज्या थरात तो होता त्याच थरात हत्तीची हाडं आणि दगडी हत्यारं होती. पाणघोडा घ्या: आता तो फक्त आफ्रिकेत आहे. तो नर्मदेत होता याचा अर्थ तिथे बारमाही खोल डोह होते आणि रात्री चरायला काठावर गवत होतं. एका प्राण्यावरून नदीचं उन्हाळ्यातलं पाणीसुद्धा समजतं.

खान्देशातलं मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटणारं ठिकाण गाळाच्या पट्ट्यात नाही. ते चाळीसगावजवळ पाटणे इथे आहे. पाटणादेवीला लोक दर्शनाला जातात, भास्कराचार्यांच्या नावाने जातात, पावसाळ्यात धबधब्यासाठी जातात. त्याच परिसरात १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ साळी यांनी उत्खनन केलं. अश्मयुगीन माणसाच्या वस्तीच्या एकावर एक थरांतून दगडी हत्यारं मिळाली आणि त्यांच्यासोबत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. काहींचे मणी केलेले होते, काही मणी अर्धवट राहिलेले होते, आणि एका तुकड्यावर आडव्या रेघांच्या मध्ये फुल्याफुल्यांची कोरीव नक्षी होती. कार्बन पद्धतीने वय निघालं सुमारे २५,००० वर्षं.

खान्देशात शहामृग! मुलांना हे सांगा, डायनासोरपेक्षा हे जास्त जवळचं आहे. अंड्याचं कवच साधारण दोन मिलिमीटर जाड, कॅल्साइटचं, घट्ट. हाडातलं प्रथिन आपल्या उष्ण मातीत लवकर संपतं, म्हणून हाडाचं कार्बन-वय काढणं अवघड जातं, पण हे कवच बंदिस्त राहतं आणि वयासाठी उत्तम ठरतं. राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र अशा पुष्कळ ठिकाणी अशी कवचं सापडली आहेत. ती खरोखर शहामृगाचीच का, हा वाद बरीच वर्षं चालला. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात सापडलेल्या किमान २५,००० वर्षं जुन्या कवचातून डीएनए काढला, आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जवळचा निघाला. शहामृग उघड्या, कोरड्या मैदानाचा पक्षी. तो काळ शेवटच्या हिमयुगाच्या कडक टप्प्याकडे झुकणारा, मोसमी पाऊस आजच्यापेक्षा दुबळा. पाटण्याच्या भागात, गिरणा नदीच्या खोऱ्यात, त्या वेळी मोकळी गवताळ रानं होती असं चित्र त्यातून जुळतं. शिवाय कुणीतरी बसून त्या कवचावर रेघा कोरल्या, पोटासाठी त्याचा काही उपयोग नसताना. हाड प्राण्याबद्दल सांगतं, हे कवच प्राणी, हवामान आणि माणूस तिन्हींबद्दल सांगतं.

आता लाव्ह्याकडे परत, कारण तिथेही गोष्ट संपत नाही. दख्खनचे लाव्हा एकदम आले नाहीत. एक प्रवाह थंड व्हायचा, मग काही काळ शांतता, त्यावर माती धरायची, तळी साचायची, झाडं उगवायची, आणि मग पुढचा प्रवाह त्यावर यायचा. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो. तो त्या शांततेच्या काळात कुजलेला भाग. जिथे तळी होती तिथे गाळाचे पातळ थर उरले आणि त्यांत जीवाश्म. मुंबईत वरळीला अशाच थरातून इंचभर लांबीचे बेडूक निघाले. नागपूर आणि छिंदवाड्याकडे गोगलगाई, मासे, फळं, खोडं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानचे दगड तर चमत्कार वाटावेत असे आहेत. तिथल्या तळ्यांच्या पाण्यात लाव्ह्यातून सुटलेली सिलिका इतकी होती की झाडाच्या पेशी कुजण्याआधी त्यांत सिलिका भरली. दगडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पेशीची भिंत न् भिंत मोजता येते. तिथे माड-ताडाच्या जातीची खोडं आहेत, आणि निपा नावाच्या ताडाचं फळ आहे. निपा आज सुंदरबनासारख्या खाऱ्या चिखलात वाढतो. म्हणजे समुद्राची एखादी जीभ तिथवर आली असावी.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला, लाव्ह्याच्या आधीच्या थरात, डायनासोरच्या वाळून दगड झालेल्या विष्ठेचे गोळे मिळतात. २००५ मध्ये त्यांच्या अभ्यासातून गवताच्या सिलिकाकणांचे किमान पाच प्रकार निघाले. तोवर पाठ्यपुस्तकं सांगत होती की डायनासोरच्या काळात गवत नव्हतं. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळाजवळचे कणही त्यातच ओळखले गेले. सांगाडा गाजतो, पण आहाराचा पुरावा अशा न गाजणाऱ्या वस्तूंतून येतो.

मुलांना डायनासोर हवेच असतील तर ते लांब नाहीत. सेंधव्याचा घाट ओलांडून नर्मदेपलीकडे धार जिल्ह्यात बाग नावाच्या गावाच्या परिसरात त्यांची अंडी आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्मदा खोऱ्यातल्या तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे, सगळी टायटॅनोसॉर गटातली, लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची. त्याच भागात त्याहून जुने समुद्री थर आहेत, शिंपले, काटेरी समुद्री साळिंदर, शंखवर्गी अमोनाइट यांचे. आज जिथे कपाशी आहे तिथे समुद्र होता. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक ज्या गोल दगडांना शेताचा राखणदार काकड भैरव म्हणून पूजत होते, ते डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी ओळखल्याची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली. पूजेमुळे ती जपली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण ही बातमी आल्यापासून आपल्याकडे कुठलाही गोल दगड अंडं ठरू लागला आहे. गावागावांतून लोक दगड आणून पुढे ठेवतात, "हाई काय शे?" (हे काय आहे?) विचारतात, आणि दहातले नऊ बेसॉल्टचे गोटे असतात. काळा पाषाण भेगांतून पाणी शिरून कुजतो, कोपरे आधी झडतात, आत गोल गाभा उरतो आणि त्यावरून कांद्यासारखी सालपटं सुटतात. खऱ्या अंड्याला पातळ कवच असतं आणि भिंगाखाली त्यात श्वासाची छिद्रं दिसतात. गोट्याला सालीवर साल असते, पण प्रत्येक साल आतल्याच खडकाची. सावद्याकडच्या खाणींतले झिओलाइटचे पांढरे, चमकदार झुबके हेही जीवाश्म नाहीत. ते लाव्ह्यातल्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक. दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते ती मँगनीजची. धुळे-नंदुरबारकडे मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या दगडी भिंती दिसतात, त्यांतले आडवे-उभे खांब पाहून कुणी झाडाची दगडी खोडं म्हणतं. त्या लाव्ह्याच्या भेगांत थिजलेल्या भिंती आहेत, आणि भूशास्त्राच्या दृष्टीने त्या स्वतःच पाहण्यासारख्या आहेत.

कंकर आणि हाड यांत फरक करायला जळगावच्या सराफाकडे असतं तसं दहापट भिंग पुरतं. कंकर फोडला की आत खडूसारखा एकजीव, फार तर भेगाळलेला. हाडात जाळी किंवा बारीक नळ्यांची रांग. लिंबाचा रस टाकून बुडबुडे पाहण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती इथे उपयोगी नाही, कारण पोकळ्यांत चुना भरलेलं हाडही फसफसतं.

आता तुमच्या हातातलं काम. तुकडा नळाखाली धुऊ नका. ओला असेल तर उन्हात ठेवू नका, तडे जातात. सावलीत हळू वाळू द्या. फेविकॉल, वॉर्निश काही लावू नका, नंतरच्या चाचण्या बिघडतात. चिकटलेली माती तशीच राहू द्या, त्या मातीतले परागकण आणि वाळूचे कणही पुरावा आहेत. विशेषतः वाळूचे कण: ते शेवटचे उन्हात कधी होते हे एका पद्धतीने मोजता येतं, आणि त्यावरून थराचं वय निघतं. त्यासाठीचा नमुना मात्र प्रकाश न लागू देता तज्ज्ञांनीच घ्यायचा असतो. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळा, चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, खोली, तारीख लिहा. शेजारी पेन ठेवून फोटो काढा. मग जळगावच्या विद्यापीठातला भूविज्ञानाचा विभाग, पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा नागपूरचं भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, यांपैकी कुठेही लेखी कळवा.

जागा आणि थर यांवर मी इतका भर का देतो याचं एक उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरीला डायनासोरच्या घरट्याचा एक दगडी ठोकळा अखंड काढला. त्यात अंडी होती, नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू होतं, आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप होता. त्या सापाचं नाव ‘सनाजेह इंडिकस’ असं २०१० मध्ये जाहीर झालं. तुकडे सुटे काढून धुऊन ठेवले असते तर एका पेटीत सापाचे मणके, दुसऱ्या पेटीत अंडी, आणि साप घरट्यावर पिल्लं खायला आला होता हे कुणालाच कळलं नसतं.

एक कळकळीची विनंती. उरलेलं हाड काढायला विहिरीच्या भिंतीत आडवं खणू नका आणि मुलांना तर खाली अजिबात उतरवू नका. ही पिवळी माती कोरडी असताना उभी राहते आणि पाणी लागलं की क्षणात ढासळते. आपल्या पट्ट्यात अशा ढासळण्यात माणसं गेली आहेत. काढायचं असेल तर क्रेनवाल्याशी बोलून, वरून, माणसं सोबत घेऊन, आणि शक्यतो जाणकाराच्या समोर.

भावाला आजच तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: हाड निघालं ते विहिरीच्या कुठल्या बाजूला, त्याच्या वर आणि खाली पिवळी माती होती की वाळू-गोटे, आणि कंकराचा पट्टा त्याच्या वर लागला की खाली. विहिरीला रिंगा बसल्या की ती भिंत झाकली जाईल, मग हे सांगणारं दुसरं काही उरणार नाही.